डोंगल ‘दिसत नाही’ म्हणजे नेमकं कुणाला दिसत नाही? लिनक्सवरच्या यूएसबी मोडेमची दुखणी

आमच्या दापोलीकडे पावसाळा लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुठेतरी झाड पडून फायबर तुटलेली असते, घरात कुणाची परीक्षा नाहीतर कुणाचं ऑफिसचं काम अडलेलं असतं. मग कपाटातलं जुनं डोंगल (सिम घालून यूएसबी पोर्टमध्ये लावायचा मोडेम) बाहेर निघतं आणि पलीकडून ठरलेलं वाक्य येतं : “दादा, डोंगल दिसत नाही.”

मी उलट विचारतो, कुणाला दिसत नाही? तुला, कर्नलला (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला), की नेटवर्कच्या आयकॉनला? लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. पण या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. एकाने तर उत्तर द्यायच्या आधीच उबुंटू (त्याच्या मशीनवरचं लिनक्स) पुसून नव्याने टाकलं होतं. दोष सिमच्या रिचार्जचा होता.

हे सगळं मी बहुतेक वेळा फोनवरून सांगतो, त्यामुळे इथेही कमांड अक्षर-अक्षर सुटी करून लिहितोय. टाइप करताना ती इंग्रजी लहान लिपीत, सलग लिहायची. ‘जागा’ म्हटलं तिथे स्पेस द्यायची, ‘कॅपिटल’ म्हटलं तेवढंच अक्षर मोठं.

आधी लक्षणं

तुमचं यातलं कोणतं आहे ते ठरवा.

- डोंगल लावलं, दिवाही लागला, पण सिस्टिममध्ये काहीच हललं नाही.
- मोडेमऐवजी सीडीसारखा आयकॉन आला. आत विंडोजची सेटअप फाइल आहे.
- डेव्ह फोल्डरमध्ये (जोडलेली यंत्रं तिथे फाइलसारखी दिसतात) टीटीवाययूएसबी० वगैरे मोडेमच्या पोर्टची नावं आली, पण उघडायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’.
- तेच, पण ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’.
- मोडेम दिसतो, बोलतो, पण नेटवर्क पकडत नाही.
- सगळं जुळतं आणि पाच-दहा मिनिटांत तुटतं. पुन्हा बघावं तर टीटीवाययूएसबी० चं टीटीवाययूएसबी३ झालेलं.

फुकटातल्या तपासण्या

पहिला प्रश्न: डोंगल थ्रीजीचं आहे का, आणि सिम कुणाचं? जिओचं जाळं २०१६ साली सुरू झालं तेच मुळी फोरजीवर. त्यात टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे थ्रीजी डोंगलमध्ये जिओचं सिम घालून कोणतंही ड्रायव्हर (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) लावलं तरी नेटवर्क येणार नाही. एअरटेलने २०२० पर्यंत थ्रीजी बंद केलं, टूजी ठेवलं. म्हणून एअरटेलचं सिम थ्रीजी डोंगलमध्ये चालतं, पण टूजीच्या गतीने. ईमेल जाईल, व्हिडिओ विसरा. दहा वर्षांपूर्वी ‘हेच डोंगल मस्त चालायचं’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा शोध इथेच संपतो.

दुसरं, सिम काढून फोनमध्ये घाला. रिचार्ज संपलाय का, डेटा चालतो का, सिमला पिन लावलेला आहे का, हे तिथे दोन मिनिटांत कळतं. पिन असेल तर फोनमध्येच काढून टाका. जुन्या डोंगलला मोठ्या आकाराचं सिम लागतं, आपल्याकडे असतं नॅनो. त्यासाठी जे प्लास्टिकचं अडॅप्टर मिळतं ते जपून वापरा. रिकामं अडॅप्टर आत सरकवलं, की बाहेर काढताना त्यात स्प्रिंगसारखी पिन अडकते आणि मोडते. त्यानंतर डोंगल कामातून गेलं.

तिसरं, हब आणि लांब वायर बाजूला ठेवा, डोंगल थेट मशीनच्या पोर्टमध्ये लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टमध्ये, कारण पुढचे पोर्ट आतून एका बारीक वायरने बोर्डाला जोडलेले असतात. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो. डोंगल नुसतं बसलेलं असताना ते पुरतं. टॉवरशी बोलायला लागलं की त्याची भूक वाढते, आणि रेंज जेवढी कमी तेवढं ते जोरात ओरडतं, म्हणजे तेवढा करंट जास्त. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि डोंगल स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतं. ओळखायची खूण सोपी आहे. लावल्या-लावल्या ठीक, पण ‘कनेक्ट’ दाबलं की गायब, असं होत असेल तर दोष विजेचा समजा. सॉफ्टवेअरला हात लावू नका. रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डावरच्या संगणकावर तर मी नेहमी स्वतःचा अडॅप्टर असलेला हबच वापरायला सांगतो. हबबद्दल वर जे म्हटलं त्याला हा एक अपवाद.

लावल्यावर अर्धा मिनिट थांबा. डोंगलच्या आतही एक छोटा संगणक असतो, त्याला उठायला वेळ लागतो.

कर्नलला दिसतंय का?

टर्मिनल उघडा आणि एल-एस-यू-एस-बी लिहा. जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येईल. प्रत्येकीपुढे दोन आकड्यांची जोडी असते : पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. १२डी१ म्हणजे हुआवे, १९डी२ म्हणजे झेडटीई. आपल्याकडे कोणत्याही मोबाइल कंपनीचा शिक्का मारून विकलेलं डोंगल असलं तरी आत बहुधा या दोघांपैकी एक निघतो. ही जोडी कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

यादीत नावच नसेल तर सुडो (एस-यू-डी-ओ, म्हणजे पुढची कमांड मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालवणं) लिहून पुढे डी-एम-ई-एस-जी, जागा, डॅश डब्ल्यू. आता कर्नलची बडबड समोर चालू राहते. डोंगल काढा, लावा. तीन गोष्टी घडू शकतात. एकही ओळ आली नाही, तर पोर्ट किंवा डोंगल मेलंय, दुसऱ्या पोर्टमध्ये लावून कोणतं ते ठरवा. ‘डिस्क्रिप्टर रीड’ आणि पुढे एरर वजा ७१ किंवा वजा ११० असं येत असेल, तर मशीनला वस्तू जाणवतेय पण बोलणं जुळत नाही. हे जवळपास नेहमी वायर, सैल पोर्ट नाहीतर विजेचं दुखणं असतं. ‘ओव्हर-करंट’ असं आलं, तर डोंगल लगेच काढा आणि या लेखाच्या शेवटाकडे जा.

सीडीचं सोंग

सगळ्यात जास्त वेळ लोक इथे घालवतात, म्हणून जरा सविस्तर.

या डोंगलमध्ये विंडोजचं ड्रायव्हर आधीच भरलेलं असतं. वेगळी सीडी द्यायला नको म्हणून डोंगल लावल्यावर आधी ‘मी सीडी ड्राइव्ह आहे’ असं सांगतं. विंडोज त्यातलं ड्रायव्हर चढवतं, ते ड्रायव्हर डोंगलला एक निरोप पाठवतं, मग डोंगल सोंग उतरवून मोडेम होतं. लिनक्सवर तो निरोप पाठवणारं कुणी नसेल तर डोंगल आयुष्यभर सीडीच राहतं.

ओळखायचं कसं? एल-एस-यू-एस-बी, जागा, डॅश टी. इथे झाडासारखी यादी येते आणि प्रत्येक फांदीपुढे कोणतं ड्रायव्हर बसलंय ते दिसतं. डोंगलपुढे फक्त ‘यूएसबी-स्टोरेज’ असेल तर सोंग चालू आहे. जुन्या हुआवेच्या बाबतीत आकड्यांवरूनही कळतं. १२डी१:१४४६ ही सीडी अवस्था, तीच जोडी पुढे १२डी१:१००१ किंवा तत्सम झाली की मोडेम.

सोपा उपाय म्हणजे फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीवर उजवी क्लिक करून ‘इजेक्ट’. बऱ्याच डोंगलना एवढा इशारा पुरतो. पाच सेकंदांनी यादी पुन्हा बघा, आकडे बदलले असतील.

नाही बदलले, तर यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज हवं. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत त्याच्या सोबत डेटा असं नाव असलेलं दुसरं पॅकेजही लागतं. कोणत्या डोंगलला कोणता निरोप द्यायचा याची यादी त्यात असते. आता गंमत अशी, की नेट नाही म्हणून डोंगल, आणि डोंगलसाठी नेट हवं. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट मशीनला देणं) चालू करा, त्याला लिनक्सवर वेगळं काही टाकावं लागत नाही. दोन्ही पॅकेजं घेतल्यावर डोंगल काढून पुन्हा लावा.

आणि एक फसवा प्रकार आहे, हायलिंक. हुआवेची थोडी नवी डोंगलं सोंग उतरवल्यावर मोडेम होतच नाहीत, ती नेटवर्क कार्ड होतात. डायलिंग, सिम, नोंदणी सगळं ती आतल्या आत करतात. अशा डोंगलचं टीटीवाययूएसबी कधी येत नाही आणि येण्याची गरजही नाही. परवा एक मुलगा तीन रात्री ते शोधत होता. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता टाकायला सांगितला, डोंगलचं पान उघडलं, एपीएन (मोबाइल कंपनीच्या नेटमध्ये शिरायचं नाव) भरला, नेट चालू. झाडासारख्या यादीत ड्रायव्हर म्हणून ‘सीडीसी-ईथर’ दिसलं तर पुढचे चार मुद्दे तुमच्यासाठी नाहीत.

ड्रायव्हर

झाडाच्या यादीत डोंगलपुढे ‘ऑप्शन’ दिसायला हवं. हे नाव विचित्र आहे खरं, पण मोबाइल मोडेमच्या सिरियल पोर्टचं ड्रायव्हर तेच. फोरजी डोंगलमध्ये त्याच्या जोडीला ‘क्यूएमआय-डब्ल्यूवॅन’ किंवा ‘सीडीसी-एमबीआयएम’ही दिसेल. ड्रायव्हरची जागा रिकामी असेल तर आधी मशीन रीस्टार्ट करा. हे आळशी उत्तर वाटेल, पण आर्च लिनक्सवाल्यांना यामागचं कारण माहीत असायला हवं. तिथे कर्नल अपडेट झाला की जुन्या, म्हणजे आत्ता चालू असलेल्या, कर्नलचे मोड्यूल (ड्रायव्हरचे सुटे तुकडे) डिस्कवरून जातात. आधीपासून चढलेले चालत राहतात, नवीन वस्तू लावली की तिचं ड्रायव्हर सापडत नाही. रीस्टार्ट केलं की विषय मिटतो.

रीस्टार्टनंतरही रिकामंच असेल तर कर्नलच्या यादीत तुमच्या मॉडेलचा आकडा नाही. ऑप्शन ड्रायव्हरला न्यू-आयडी फाइलमधून ती जोडी हाताने सांगता येते, पण तोपर्यंत कर्नल जुना आहे का ते बघा. मी बहुतेकांना लिनक्सच्या नव्या वितरणाची लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) लावून बघायला सांगतो. तिथे चाललं तर उत्तर कळलं.

परवानगी

एल-एस, जागा, डॅश एल, आणि पुढे स्लॅश डेव्ह स्लॅश टीटीवाययूएसबी० चा पूर्ण पत्ता (यातलं यूएसबी कॅपिटल). ओळीत मालक म्हणून ‘रूट’ आणि गट म्हणून डेबियन-उबुंटूत ‘डायलआउट’, आर्चमध्ये ‘यूयूसीपी’ दिसेल. तुम्ही त्या गटात नसाल तर दार बंद. तुमचे गट बघायला नुसतं आय-डी लिहा.

गटात घालायची कमांड यूजरमॉड, सुडो लावून. तिच्यापुढे डॅश, लहान ए, कॅपिटल जी, मग गटाचं नाव, मग तुमचं लॉगिन. तो लहान ए विसरू नका. विसरलात तर तुम्ही नव्या गटात जाल आणि बाकी सगळ्या गटांतून, सुडोसकट, बाहेर पडाल. हा अपघात मी दोनदा निस्तरलाय, त्यातला एक माझाच होता. गटात घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत या, नुसतं टर्मिनल बंद करून उपयोग नाही.

सी-एच-मॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टीटीवाययूएसबी० ही डिस्कवरची फाइल नाही, डोंगल लावताना दर वेळी नव्याने बनते. आजचं ७७७ उद्या डोंगल काढलं की गेलं.

‘बिझी’ : दुसरं कुणी बसलंय

बहुतेक डेस्कटॉप लिनक्सवर मोडेम-मॅनेजर नावाची सेवा पाठीमागे चालू असते. नवा सिरियल पोर्ट दिसला की ती धावत जाऊन त्याला ‘तू मोडेम आहेस का?’ असं विचारते. नेटवर्कच्या आयकॉनमधून डोंगल वापरायचं असेल तर ही सेवा हवीच. डायल करणारं डब्ल्यूव्ही-डायल, पोर्टशी टाइप करून बोलायचं मिनीकॉम किंवा एसएमएस पाठवायचं गॅमू चालवायचं असेल तर तीच तुमच्या मधे येते. दोघांनी एकच पोर्ट वाटून घेता येत नाही, एकाची निवड करा. तात्पुरतं बंद करायला सुडो, सिस्टिम-सी-टी-एल, स्टॉप, आणि पुढे मोडेममॅनेजर, दोन्ही एम कॅपिटल. सेवा चालू ठेवायची असेल तर एम-एम-सी-एल-आय, डॅश कॅपिटल एल लिहून तिला तुमचा मोडेम दिसतोय का ते बघा.

पोर्ट कुणाकडे आहे हे एफ-यू-एस-ई-आर कमांडला डॅश व्ही आणि पोर्टचा पत्ता दिला की कळतं, मात्र सुडो लावून. पुष्कळदा गुन्हेगार आपणच असतो : स्क्रीन प्रोग्रॅमची खिडकी नुसती बंद केलेली, आत तो अजून जिवंत. स्क्रीनमधून निघताना कंट्रोल-ए आणि मग के, मिनीकॉममधून कंट्रोल-ए आणि मग एक्स.

डोंगलऐवजी सिम८०० सारखा जीएसएम बोर्ड सीएच३४० या यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने जोडणाऱ्यांसाठी : उबुंटू २२.०४ वर ब्रेल डिस्प्लेसाठीचं बीआरएल-टीटीवाय हे पॅकेज त्या कन्व्हर्टरला ब्रेल यंत्र समजून बळकावतं. टीटीवाययूएसबी० क्षणभर येतं आणि जातं. घरात ब्रेल डिस्प्ले वापरणारं कुणी नसेल तर ते पॅकेज काढा.

मोडेमशी थेट बोला

डोंगल तीन-चार पोर्ट दाखवतं, त्यातले सगळे आपल्याशी बोलणारे नसतात. जुन्या हुआवेत बहुधा ० हा डेटाचा आणि २ हा हुकुमांचा. मिनीकॉमने एकेक उघडा, ए-टी लिहून एंटर मारा. ‘ओके’ आलं तो पोर्ट आपला.

मग ए-टी, अधिक चिन्ह, सी-पी-आय-एन, प्रश्नचिन्ह. ‘रेडी’ आलं तर सिम ठीक. तसंच सी-एस-क्यू विचारलं की रेंज ० ते ३१ मध्ये मिळते. दहाच्या खाली असेल तर खिडकीपाशी जा, ९९ म्हणजे त्याला काही ऐकूच येत नाही. इथे प्रश्नचिन्ह लावायचं नाही. सी-आर-ई-जी, प्रश्नचिन्ह विचारल्यावर येणाऱ्या दोन आकड्यांतला दुसरा महत्त्वाचा. १ म्हणजे घरचं नेटवर्क, ५ म्हणजे रोमिंग, २ म्हणजे अजून शोधतोय. ३ म्हणजे नेटवर्कने नकार दिला आणि तो प्रश्न तुमच्या लिनक्सचा नाही.

नोंदणी झाली तरी नेट नसेल तर एपीएन बघा. एअरटेलचा एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलचा बीएसएनएलनेट. डायल करायचा नंबर *९९#.

मधेच तुटणं

विजेचा दोष वर तपासला असेल तर उरतं वीज वाचवणं. लॅपटॉप टीएलपीसारख्या बॅटरी वाचवणाऱ्या साधनाने चालवत असाल तर ते रिकाम्या वाटणाऱ्या यूएसबी वस्तूंना झोपवतं, आणि काही डोंगलं झोपेतून नीट उठत नाहीत. टीएलपीच्या सेटिंगमध्ये मोडेमना वगळायची सोय आहे, ती वापरा. उठल्यावर नंबर बदलतो म्हणून सेटिंगमध्ये टीटीवाययूएसबी० लिहूच नका. डेव्ह फोल्डरमध्ये सिरियल, त्यात बाय-आयडी असा एक उपफोल्डर आहे. तिथलं लांबलचक नाव द्या, ते बदलत नाही.

फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच दुसरी एक प्रणाली) वापरणाऱ्यांना एवढंच : तिथे ड्रायव्हर यू३जी, पोर्टचं नाव सीयूएयू० पासून सुरू होतं आणि गट ‘डायलर’. सीडीचं सोंग बऱ्याच डोंगलच्या बाबतीत ड्रायव्हर स्वतःच उतरवतं. क्रम तोच.

इथे थांबा

सिम पिन मागत असेल आणि आठवत नसेल तर अंदाज मारू नका. तीन चुका झाल्या की पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा वेगळा कोड) मागतं, पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. ओळखपत्र घेऊन मोबाइल कंपनीच्या दुकानात जा.

डोंगल एका कंपनीला लॉक असेल तर अनलॉक कोडलाही मोजक्याच संधी असतात. नेटवर सापडलेले कोड एकामागून एक टाकू नका. कुणी फर्मवेअर (डोंगलच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून देतो, सोबत आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) ही बदलतो म्हणाला तर तिथून निघा. आयएमईआय बदलणं भारतात गुन्हा आहे.

‘ओव्हर-करंट’चा संदेश, जळका वास, हात लावता येणार नाही इतकं तापलेलं डोंगल, किंवा लावताच लॅपटॉप बंद पडणं, यात एकदाही पुन्हा लावून बघू नका. पोर्टमध्ये वाकलेली पिन दिसली तरी चिमट्याने सरळ करायला जाऊ नका, शॉर्ट झालं तर पाचशेचं डोंगल वाचवताना मदरबोर्ड जाईल. हे हार्डवेअर दुरुस्तीवाल्याचं काम.

आणि तीन वेगळ्या मशीनवर वजा ७१ आलं, किंवा एकाही पोर्टवर ए-टीला उत्तर मिळालं नाही, तर डोंगल गेलं. ते उघडून रिसोल्डर करण्याची मजुरी बाजारातल्या जुन्या डोंगलच्या किमतीपेक्षा जास्त होते. तरी दुकानात न्यायचंच असेल तर मॉडेलच्या आकड्यांची ती जोडी आणि डी-एम-ई-एस-जी मधल्या शेवटच्या वीसेक ओळींचा फोटो बरोबर न्या. ‘दिसत नाही’ एवढंच सांगितलंत, तर तोही आधी विंडोज टाकून बघू म्हणेल.